राखेची साय

“शेवटची गोष्ट तेवढी सुनंलाच सांगायची. लेकीला न्हाई, शेजारणीला तर न्हाईच न्हाई.”

सासूचा हा आवाज रशिदाच्या कानात अठ्ठावीस वर्षं मुक्कामाला होता. तेव्हा ती नवी नवरी होती, आणि सासूनं याच अंगणात, याच शेगडीपाशी बसवून तिला निखाऱ्यावर कोंबडी भाजायला शिकवलं होतं. आता सासू नव्हती. शेगडीचा एक पाय मोडून त्याखाली वीट आली होती. आणि सून यायची, तर लेकाचाच पत्ता नव्हता.

सोहेबला घर सोडून दोन वर्षं झाली. राहू गावातलं कोंबडं-बकरं कापायचं काम पिढ्यान् पिढ्या मुलाण्याच्या घराकडं, म्हणजे यांच्याकडं. बाप फकीर म्हणाला, सुरी धर. पोरगं म्हणालं, कंपनीत जातो. बाप म्हणाला, मग तिकडंच राहा. एवढ्या तीन बोलांवर घर रिकामं झालं. फकीर तेव्हापासून पोराचं नाव काढत नव्हता, आणि रशिदा एसटीडी बूथसमोरून जाताना उगाच पाय हळू टाकायची.

“रशिदाबी, हाय का घरात?”

सोजराबाई आली होती. सर्जेराव बागायतदारांची बायको. गळ्यात तुळशीची माळ, रश्श्याचा वास आला तरी पदर नाकाला. आणि गेले चौदा महिने, एका आड एक रविवारी, हीच माळकरीण कोंबडी भाजायची विद्या शिकायला मुलाण्याच्या अंगणात बसायची. तिची लेक अनिता शिक्रापुरात खोली घेऊन नांदत होती. लग्न पुण्यातच उरकलं, असं सर्जेराव गावात म्हणाले आणि पुढं कुणाला बोलू दिलं नाही. जावयाला भाजलेली कोंबडी लागायची. सासू एसटीनं जायची आणि स्वतः भाजून घालायची.

फकीरनं कोंबडी कापून, साफ करून पिशवी पुढं केली. सोजराबाईनं ती दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर धरावा तशी. फकीर सुरी धुवायला मागल्या दारी गेला.

“बसा आक्का. मागल्या वक्ताला काय बिघडलं?”

“आत कच्ची, वरून कोळसा.”

“निखारा लालबुंद असतानाच चढवली असणार. जरा दम धरायचा. वर राखेची साय धरली, की मग चढवायची. मांडीला चिरा दिल्या व्हत्या?”

“हाडापतूर दिल्या. धई, आलं-लसूण, कच्च्या पपईचा गर, समदं लावलं. कांद्याच्या पातीची जुडी करून तेल फिरवलं.”

“जाळी कुठली?”

“जुन्या टेबलफॅनची. घासून घेतली चांगली.”

रशिदाला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

“चव तरी बघता का?”

“माळ हाय गळ्यात. डोळं मिटून भाजते, आन् पांडुरंगाला म्हणते, तू बी मिट.”

सोजराबाईला लिहिता येत नव्हतं. रशिदानं सांगितलेलं ती ओवीत बसवून ध्यानात ठेवायची. आत्ताही ती पुटपुटली,

निखारा बाई माझा, राखंखाली निजला
जावयाचा घास वरी, तेलामंदी भिजला.

“आन् जावई काय म्हणतो?”

“गुमान खातो. पण दर वक्ताला म्हणतो, कायतरी ऱ्हायलं.”

“लई नखऱ्याचा दिसतोय. लग्नाचं जेवण आमाला न्हाई, आन् त्याच्या जिभेचे चोचले मी पुरवायचे? त्याच्या आईला इचारा की, काय ऱ्हायलं ते.”

सोजराबाई शेगडीतल्या राखेकडं बघत राहिली.

“इचारते की,” ती म्हणाली.

रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ अंगणात उतरली.

“आज जावयाचं काय न्हाई,” सोजराबाई हळूच म्हणाली. “अनिताला पाचवा लागलाय. लोकांच्या पोरींना चिंच लागती, कैरी लागती. हिला भाजली कोंबडी पायजे. ती बी अशी, की काय ऱ्हायलं असं वाटू ने.”

रशिदा मांडीवरचे हात बघत बसली. काय राहतं ते तिला ठाऊक होतं. चौदा महिने ती सगळं सांगायची आणि त्या एका गोष्टीपाशी तोंड मिटून घ्यायची. आत पेटीच्या तळाशी एक हिरवं लुगडं होतं, तेही असंच सुनेसाठी राखून ठेवलेलं. परवा उलगडलं, तर घडीवर विरलं होतं.

“थकले मी, आक्का.”

“काय होतंय?”

“होत काय न्हाई. वाट बघायचा कटाळा आला.” तिनं विझल्या निखाऱ्यावर काडीनं रेघ ओढली. “आमच्या घरची एक शेवटची गोष्ट हाय भाजायची. ती सुनंलाच सांगायची, असा सासूचा शब्द व्हता. तुमाला म्हणून कवा बोलले न्हाई. आता पोरगंच येत न्हाई, तर सून कुठली? माझ्यासंगं मातीत जाण्यापरीस तुमच्या लेकीच्या पोटात जाऊ दे. पोटुशी बाई हाय, तिचं मन कशाला मोडायचं. ऐका. कोंबडी उतरवायच्या आदी—”

सोजराबाईचा हात तिच्या तोंडावर आला. हाताला बुक्क्याचा वास होता. सोजराबाईनं मागल्या दाराकडं पाहिलं. तिकडं पाण्याचा आवाज चालू होता.

“मला नगा सांगू, रशिदाबी,” ती म्हणाली. “तुमच्या सुनंलाच सांगा. पाचवा महिना हाय तिला.”