पन्नासपैकी बत्तीस

व्हर्नाच्या सगळ्या बिअरच्या नोंदी गेल्याचं ऑर्विलला एका शनिवारी सकाळी कळलं. व्हर्ना, त्याची बायको, वारून एक हिवाळा उलटला होता. घरी केलेल्या प्रत्येक बिअरचं माप ती ज्या वेबसाइटवर लिहून ठेवायची, ती कंपनीच बुडाली होती. तिथे आता एकच ओळ होती: आजवरच्या सोबतीबद्दल आभार. खाली हसरा चेहरा.

दुपारी होमब्रू क्लबातले, म्हणजे घरी बिअर करणाऱ्यांच्या मंडळातले, दोघं आले. डॉयल, क्लबचा अध्यक्ष, विमा कंपनीतून निवृत्त झालेला. आणि ब्रेट, दाढीवाला, त्याच्या निम्म्या वयाचा. दोघांच्या बगलेत लॅपटॉप. दारातून आत येताना त्यांनी दुखवट्याचे चेहरे केले होते. टेबलाशी बसल्यावर ते चेहरे आपोआप सरळ झाले.

जूनमध्ये नातीचं, अ‍ॅनिकाचं लग्न होतं. लग्नात आजीची तपकिरी बिअर असेल, असा शब्द व्हर्नाने दिला होता. ती मुरायला आठवडे लागतात. माल्टचं, मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, पोतं गॅरेजमध्ये पडून होतं. कृती क्लबच्या जुन्या पत्रकात छापून आली होती, पण हॉप्सचं माप व्हर्नाने मुद्दाम गाळलं होतं. क्लबातल्या पुरुषांना ती ओळखून होती. बिअरचा कडूपणा हॉप्सच्या फुलांचा. तो चुकला की सगळंच चुकलं. ऑर्विललाही ते माप माहीत नव्हतं. त्याच्याकडे काम होतं भांडं उचलायचं.

"माझं एक्सेल दोन औंस सांगतंय," डॉयल म्हणाला.

"माझं अ‍ॅप तीन म्हणतंय," ब्रेट म्हणाला.

"अ‍ॅपचं कौतुक मला नको सांगूस. आज व्हर्नाचं गेलं, उद्या तुझं जाईल. एक्सेल कधी बुडत नाही."

"तुमच्या एक्सेलात एक रकाना सरकला आणि थँक्सगिव्हिंगला सगळा क्लब व्हिनेगर प्यायला."

"ती बॅरल तू उन्हात ठेवलीस म्हणून."

"नोव्हेंबरात? विस्कॉन्सिनमध्ये? कुठलं ऊन, अध्यक्षसाहेब?"

ऑर्विलने सॉसेज कापून चीजबरोबर पुढे ठेवलं. दोघांनी स्क्रीनवरची नजर न काढता ते खाल्लं.

"पाणी कधी ठेवायचं?" त्याने विचारलं.

"थांब गड्या," डॉयल म्हणाला. "आधी प्रोग्राम ठरू दे."

ही बिअर दोघांनी वर्षानुवर्षं फुकट ढोसली होती. आणि ती किती कडू होती, हे आता मशीनला विचारत होते.

ऑर्विल तळघरात गेला आणि एक बाटली घेऊन वर आला. झाकणावर मार्करने मोठा व्ही काढलेला होता.

"तिची शेवटची," तो म्हणाला. त्याने तीन ग्लास भरले. "घ्या. आता जिभेला विचारा."

डॉयलने ग्लास खिडकीच्या उजेडात धरला. नाक आत घातलं. एक घोट तोंडात फिरवला. मग बॅगेतून स्पर्धेत वापरतात तो गुणांचा कागद काढला आणि त्यावर खुणा करत बसला.

"पन्नासपैकी बत्तीस," तो म्हणाला. "चांगली आहे. या प्रकाराच्या मानाने रंग जरा गडद."

"मी चौतीस दिले असते," ब्रेट म्हणाला. "फेस मात्र लवकर बसला."

व्हर्नाच्या शवपेटीत डोकावतानाही यांनी मनातल्या मनात गुण दिले असणार, असं ऑर्विलला वाटलं.

"कडू किती?" त्याने विचारलं.

"असं नुसतं सांगता नाही येत," ब्रेट म्हणाला. "आत साखर किती उरलीय ते मोजावं लागेल. तो एक आकडा मिळाला की हॉप्सचं माप निघेल."

दोघांचे ग्लास रिकामे झाले होते. ऑर्विलच्या ग्लासाला अजून कुणी हात लावला नव्हता. दोघंही तिकडेच बघू लागले.

डॉयलने डबीतून मोजायची काचेची नळी काढली. "हा ग्लास पुरेल. काट्याने ढवळून आधी सगळा गॅस काढू, मग मोजू. पिण्यासारखी नाही उरायची, पण आकडा कायमचा राहील."

"राहील कुठे?"

"क्लाउडवर," ब्रेट म्हणाला. आपण काय बोललो हे त्याला कळलंही नाही.

डॉयलने काटा उचलला. ऑर्विलने ग्लास उचलला आणि उभ्या उभ्या, दम न घेता, तळापर्यंत पिऊन टाकला.

"अरे!" डॉयल म्हणाला. "शेवटचा नमुना होता तो!"

"चला," ऑर्विल म्हणाला. "जिभेवर आहे तोवर भांडं चढवू."

"माप ठरल्याशिवाय?"

"चाखत चाखत घालू."

डॉयल हसला. लहान मुलाकडे बघून हसतात तसा. "ऑर्विल, ही बिअर आहे. सूप नाही."

"आणि बिघडली तर व्हर्नाच्या नावावर जाईल," ब्रेट म्हणाला. "तुम्ही बसा. आम्ही ठरवतो."

ऑर्विल बसला नाही. गॅरेजमध्ये जाऊन त्याने नळाखाली मोठं भांडं भरलं, एकट्याने उचललं आणि शेगडीवर ठेवलं. अर्धी बाही भिजली. त्याने प्रोपेनची तोटी उघडली, काडी लावली.

"दोन!" स्वयंपाकघरातून डॉयलचा आवाज आला.

"तीन!"

त्याने तोंडात जीभ फिरवली. चव कडू होती. होती खरी, पण आता सॉसेजच्या मिठाखाली ती थोडी मागे सरकली होती. त्याने हॉप्सची पिशवी फोडली, मूठभर हातात घेतले आणि वास घेतला.

पाणी तापू लागलं होतं. हॉप्स किती घालायचे, ते अजून ठरलं नव्हतं.