बावीस फॉर्म, एक नंबर

परीक्षा बंद झाल्या होत्या. घरातला मोबाईल वर्षभर तपासून सरकारी यंत्र दहावीचे मार्क ठरवायचं आणि मेसेजनं कळवायचं. त्या मेसेजवर सरकारचे कोट्यवधी रुपये उडाले. पाड्यावर मात्र एकाही घरात मोबाईल नव्हता. म्हणून बोरसे गुरुजींनी बावीसही पोरांच्या फॉर्मवर स्वतःचाच नंबर ठोकला होता.

आज बावीस मेसेज आले. सगळ्यांना एकोणतीस टक्के. सगळे नापास.

"वर्षभर झोपा काढल्या का रे?" गुरुजी वर्गात ओरडले.

रविता पावराला नर्सिंगला जायचं होतं. गणिताच्या सात वह्या भरल्या होत्या तिनं. ती उठली.

"गुरुजी, यंत्रानं तुमचा मोबाईल तपासलाय. त्यावर वर्गात बसून रमी कोण खेळायचं?"

गुरुजींनी मोबाईल खिशात घातला.

"हा निकाल तुमचा आहे. वहीत उतरवून घ्या, उद्या येताना खाली बापाची सही आणा."