माहेरचे खळे

निपाणीच्या शिवारावर हेलिकॉप्टरचे इंजिन बंद पडले. पंच्याहत्तरीनिमित्त बायाक्कांना आकाश दाखवायला निघालेला नातू आता त्यांच्याच पदराला धरून बसला. खाली पुरुषभर ऊस. मोकळी जागा एकच. पायलटने तिथे हेलिकॉप्टर आदळत, पण सरळ उतरवले. बायाक्का दारात येताच थबकल्या. खाली माहेरचे मळणीचे खळे होते, शेणाने सारवलेले. “आईचं खळं नांगरलंस तर पुन्हा तुझं तोंड बघणार न्हाय,” धाकट्या भावाला बजावून त्या चाळीस वर्षांपूर्वी निघाल्या होत्या. त्याने नांगरलेच असणार, असे समजून कधी फिरकल्या नव्हत्या. ऊस सारत तोच भाऊ धावत आला. “आक्का! लागलं न्हाय न्हवं?” “सगळा ऊस केलायस, खळं कुणासाठी ठेवलंस?” “दरसाल सारवतोय. तूच बघायला आली न्हाईस.” बायाक्कांनी दारातच चपला काढल्या. उतरणाऱ्या पायलटवर कडाडल्या, “बूट काढ रं! खळं हाय आमचं.”