प्रिंटर जोडलाय?

काकूंनी तिसऱ्यांदा टिचकी मारली आणि काकांचा मालवणी शब्दकोश तिसऱ्यांदा उघडून लगेच मिटला. तीस वर्षांपूर्वी काकांनी तो प्रोग्राम स्वतः लिहिला होता. आता काका नाहीत आणि तो चालवणारा त्यांचा जुना कम्प्युटरही गेल्या आठवड्यात वारला.

उरला एम्युलेटर, म्हणजे नव्या कम्प्युटरवर जुन्याचं सोंग वठवणारा प्रोग्राम. जगभरचे हौशी लोक तो फुकटात दुरुस्त करतात. त्यांतला एक शेजारचा हेरंब.

हेरंबने दुपारभर कोश आणि एम्युलेटर या दोघांचा संवाद तपासला. कोश उघडताच विचारायचा, "प्रिंटर जोडलाय?" जुनी सिस्टिम प्रिंटर नसला तरी "हो" म्हणायची. एम्युलेटर मात्र खरं सांगायचा, "नाही." की कोश रुसून बंद.

हा खरेपणा हेरंबनेच मे महिन्यात मोठ्या अभिमानाने एम्युलेटरमध्ये घातला होता. त्याने तो निमूटपणे काढला. कोश उघडला आणि उघडाच राहिला.

"काकू, काकांच्या प्रोग्रामला खोटं 'हो' ऐकायची सवय होती."

"काकांनाही होती. रोज विचारायचे, 'वाचलंस काय गो?' मी हो म्हणायचे." काकूंनी चष्मा चढवला. "सरक जरा. 'अ'पासून वाचायचाय."