नोंदणी क्रमांक: नाही

मथुराने शहाळ्यात नळी खुपसली आणि सासऱ्यांच्या ओठांशी नेली, तेवढ्यात दवाखान्याचं स्वैपाकघर बघणाऱ्या शालनने ते तिच्या हातातून काढूनच घेतलं.

"अहो अक्का, काय करताय?" मथुरा दचकली. "चार्टवरच आहे की! दिवसातनं दोन वेळा एळनीर."

चार्टवर होतंच. पलंगाच्या पायाशी लटकवलेल्या छापील कागदावर 'पातळ आहार' असं लिहून खाली शहाळ्याचं पाणी, मोसंबीचा रस, टोमॅटोचं सार सगळं दिलेलं होतं. शेवटी आहारतज्ज्ञ प्रांजलीची सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांक. आता प्रांजली यायची मंगळवारी आणि शुक्रवारी. आज बुधवार, आणि मथुराचे सासरे भीमाचार्य भरती झाले आज सकाळी. म्हणजे तिने पेशंट पाहिलेलाच नव्हता. पाहणार कुठून? जाताना पन्नास कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ठेवायच्या, बाकीचं आम्ही भरू, असं ऑफिसनेच त्या पोरीला सांगून ठेवलं होतं.

शालनच्या दुसऱ्या हातात नुकताच आलेला रक्ताचा रिपोर्ट होता. म्हाताऱ्याच्या किडन्या थकलेल्या, पोटॅशियम सहाच्या वर. बंगळुरात आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस फाटकाजवळच्या गाडीवरून शहाळं घेतल्याशिवाय जिना चढत नाही. धडधाकट माणसाला अमृतच ते. पण त्यातही पोटॅशियमच ठासून भरलेलं; या माणसाचं त्याने हृदय बंद पडलं असतं.

"आज पोटात काय काय गेलंय यांच्या?" तिने विचारलं.

"काही नाही. दोन चमचे पाणी. हेच पहिलं देत होते."

शालनचा जीव भांड्यात पडला. तिने शहाळं बेसिनमध्ये उपडं केलं. डॉक्टरांच्या पेजरवर सिस्टरने निरोप टाकला होता आणि ते जयनगरहून निघालेही होते. पण ते मल्लेश्वरमला पोचेपर्यंत हा कागद इथे असाच लटकत राहिला, तर मोसंबीचा रस घेऊन आयाबाई येणार होतीच. शालनने चार्ट ओढून काढला आणि पेनचं टोपण उघडलं.

"शालनबाई, पेन खाली ठेवा."

दारात जयसिंगराव उभे होते. दवाखान्याचा कारभार तेच बघत.

"एक तारखेपासून काय ठरलंय? चार्ट नोंदणीवाल्यानेच लिहायचा. तुम्ही स्वैपाकघर बघायचं."

"चार्ट चुकलाय, साहेब."

"मग शुक्रवारी मॅडम येऊन दुरुस्त करतील."

"शुक्रवारी?" शालनने आवाज खाली आणला. "रिपोर्ट वाचा जरा. शुक्रवारपर्यंत कोण थांबतंय?"

जयसिंगरावांनी रिपोर्ट हातातही घेतला नाही. "स्वल्प, जरा माझं ऐका. उद्या काही झालं आणि कुणी विचारलं, हे कुणी लिहिलं, तर मी काय दाखवू? तुमचा नंबर आहे का? नाही ना?"

शालनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षं या दवाखान्यातल्या ताटांवर तिची नजर फिरली होती. त्या नोंदणीच्या परीक्षेचा फॉर्म तिने दोनदा आणला, भरला. दोन्ही वेळा तिची रजा नामंजूर केली ती याच गृहस्थांनी. तेव्हा म्हणे, तुमच्याशिवाय किचन चालणार कसं! आणि आता नंबर विचारतायत. वा रे वा!

तिने चार्ट उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूवर, टेबल नव्हतं म्हणून खिडकीच्या कट्ट्यावर टेकवून, तिने लिहायला घेतलं. शहाळं बंद. फळांचे रस बंद. सार बंद. डॉक्टर तपासून सांगेपर्यंत फक्त तांदळाची पेज, बिनमिठाची, अर्धी वाटी. खाली तिने तारीख घातली, वेळ घातली आणि पूर्ण नावाची सही केली. मग जरा थांबून आणखी एक ओळ लिहिली: 'नोंदणी क्रमांक: नाही.' तिच्याखाली पेन दाबून रेघ मारली.

"नोकरी जाईल याने," जयसिंगराव म्हणाले. "कळतंय ना?"

"कळतंय. जाऊ दे." तिने कागद क्लिपमध्ये अडकवला, तिची बाजू वर ठेवून. "हा मात्र डॉक्टर बघेपर्यंत इथून हलायचा नाही. मी इथेच उभी आहे."

तिच्याशी बोलण्यात अर्थ नाही, हे बहुधा त्यांनाही समजलं. ते मथुराकडे वळले आणि एकदम गोड आवाजात म्हणाले, "हे बघा अम्मा, या बाईंना अधिकार नाही. यांच्या सांगण्यावरून तुम्ही काही केलंत तर दवाखाना जबाबदार राहणार नाही. मॅडमची सही आहे तोच चार्ट खरा."

मथुराने क्लिपमधला कागद पाहिला. मग सासऱ्यांकडे पाहिलं. ते डोळे मिटून पडले होते, ओठ कोरडे पडले होते त्यांचे.

"सरी, ठीक आहे," ती जयसिंगरावांना म्हणाली. मग त्यांच्याकडे पाठ करून तिने पदर खोचला.

"अक्का, पेज पातळ करू की दाट?"