अण्णांची हाडं

आमच्या स्कॅन सेंटरला मान्यता हवी होती, त्यासाठी हाडांचे नमुना स्कॅन दिल्लीला पाठवायचे होते. सगळ्यात स्वच्छ स्कॅन निघाला धारूरकडचे पुढारी सुंदरराव अण्णा यांचा. आयुष्यात पहिल्यांदाच ते अर्धा तास न बोलता, न हलता पडून राहिले होते.

संमतीचा कागद पुढं केला, तर सहीआधी म्हणाले, "वर्षाताई, स्कॅनच्या खाली नाव जरा मोठं टाका."

"नाव टाकता येत नाही, अण्णा. रुग्णाची ओळख दिसली की आमची फाईलच परत येते."

"कावून? हाडं आमची दिल्लीला जानार, आन नाव न्हाई?"

सही केली त्यांनी, पण चेहरा पडलेलाच. जाताना स्वतःच्या स्कॅनची एक प्रत तेवढी मागून घेतली. मी नाव, गाव सगळं पुसून, दोनदा तपासून फाईल पाठवली.

महिन्याभरानं सोलापूरहून तपासणीचे डॉक्टर आले. मशीन बघितलं, कागद बघितले, मग विचारलं, "रुग्णाची ओळख कुठं उघड झाली नाही ना?"

"नाही सर," मी छाती ठोकून सांगितलं.

ते गालात हसले. वाटेत मांजरसुंब्याला चहाला थांबले तेव्हा काढलेला एक फोटो त्यांनी मोबाईलवर माझ्यासमोर धरला.



चौकात वीस फुटी बॅनर, त्यावर फेटा बांधलेला सांगाडा, आणि खाली ठळक अक्षरांत : 'भावी आमदार सुंदरराव अण्णा यांच्या हाडांची दिल्लीत निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.'