वारा

घरांचे नकाशे काढणाऱ्या ज्योत्स्नाच्या स्वस्तातल्या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. घराचं एक चित्र तयार व्हायला अख्खी संध्याकाळ लागे, आणि लॅपटॉप तव्यासारखा तापे. मग बाबा शेजारी बसून पुठ्ठ्याने त्याला वारा घालत आणि गावाकडच्या गोष्टी सांगत. ती वैतागली की म्हणत, "घाई नको करू माय, दम घेऊ दे त्याले."

बाबा गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीनंतर धाकट्या धम्मदीपने अकोल्याहून नवा लॅपटॉप आणला.

"बाबानंच सांगतलं होतं, ताईले कार्डवाला घेऊन दे म्हणून. आता वारा घालाचं कामच नाही. तू चहा ठेव, तवरिक चित्र तयार!"

खरंच, चहा उकळायच्या आत चित्र तयार झालं.

बाजूला तो पुठ्ठा होता, आणि पुढे अख्खी संध्याकाळ.